संगणकभाषेचे पहिले पाठ : एका उपमेची चिकित्सा

१

संगणकाच्या भाषेचा प्रथम परिचय करून देणाऱ्या पाठ्यपुस्तकांत एक उपमा वारंवार आढळते. कोणतीही भाषा शिकताना विद्यार्थी आधी मुळाक्षरे शिकतो, मुळाक्षरांचे शब्द करतो, शब्दांची वाक्ये करतो आणि वाक्यांचा परिच्छेद रचतो. संगणकाची भाषाही याच पायऱ्यांनी शिकावयाची असते, असे ही उपमा सांगते. नागपूरचे श्री. यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ती स्पष्टपणे मांडलेली आहे. 'सी' भाषा शिकणे हे इंग्रजी शिकण्यासारखेच, किंबहुना त्याहून सोपे आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. आणि आरंभीच आज्ञावली लिहावयास न लागता अक्षरसंच, मग स्थिरांक, चल व राखीव शब्द, आणि शेवटी विधान, असा क्रम त्यातून काढलेला आहे.

या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. भारतातील महाविद्यालयांत ज्यांनी 'सी' भाषेचा पहिला धडा गिरवला, त्यांपैकी फार मोठ्या वर्गाच्या हाती हेच पुस्तक होते. त्याची लोकप्रियता अकारण नाही. भाषा सुबोध आहे, उदाहरणे आटोपशीर आहेत, आणि इंग्रजीशी जेमतेम परिचय असलेल्या विद्यार्थ्यालाही ते आपलेसे वाटते. म्हणूनच त्याच्या दारावर कोरलेली ही उपमा तपासून पाहणे अगत्याचे ठरते. ज्या विषयाचे पहिले पाठ एका भाषाशास्त्रीय गृहीतावर उभे आहेत, त्या गृहीताची परीक्षा भाषाभ्यासकांनी केली नाही तर ती कोणी करावी?

ही उपमा भाषेच्या बाजूने असत्य आहे; संगणनाच्या बाजूने अपुरी आहे; आणि तिच्यावर उभारलेला अध्यापनक्रम, जे प्रथम शिकवावयास हवे नेमके तेच वगळतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम भाषेची बाजू पाहू. मुळाक्षरांपासून कोणीही भाषा शिकत नाही. मुळाक्षरांपासून जे शिकले जाते ते लेखन होय, आणि तेही ज्याला भाषा आधीच येते त्यालाच. 'क' गिरविणाऱ्या मुलाला 'कमळ' हा शब्द, त्याचा अर्थ आणि त्या शब्दाची वाक्ये पूर्वीच अवगत असतात. पाटीवर तो केवळ त्यांची चिन्हे शिकतो. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषा आणि तिचे लेखन यांतील हा भेद आधुनिक भाषाशास्त्राची पहिली पायरी मानला गेला आहे. ज्याला संगणकाची भाषा मुळीच येत नाही, त्याला तिची अक्षरे व चिन्हे आधी देणे म्हणजे, ज्याने मराठी कधी ऐकलेली नाही त्याच्यापुढे बाराखडी ठेवण्यासारखे आहे.

भाषा कशी शिकली जाते, याची अधिक यथार्थ मांडणी आपल्याकडील मीमांसकांनी केलेली आहे. तिला ते वृद्धव्यवहार म्हणतात. एक वडीलधारा माणूस दुसऱ्यास गाय आणावयास सांगतो. दुसरा जाऊन गाय आणतो. जवळचे मूल हे पाहते. त्या क्षणी त्याला एकाही शब्दाचा पृथक् अर्थ कळलेला नसतो. अमुक ध्वनिसमूह उच्चारला की अमुक क्रिया घडते, एवढेच त्याला दिसते. नंतर तोच माणूस गाय बांधावयास सांगतो, पुढे केव्हा तरी घोडा आणावयास सांगतो. वाक्यातील एक शब्द गेला, दुसरा आला. क्रियेतील एक भाग तसाच राहिला, दुसरा बदलला. या आवापोद्वापातून, म्हणजे शब्द घालून-काढून पाहण्यातून, कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ हे मूल ठरवीत जाते. कुमारिल आणि प्रभाकर यांच्या अनुयायांत पदार्थ आधी की वाक्यार्थ आधी याविषयी मोठा वाद आहे; कुमारिलांचा पक्ष अभिहितान्वयाचा, तर प्रभाकरांचा अन्विताभिधानाचा. परंतु शिकण्याचा आरंभ संपूर्ण वाक्य आणि त्यातून घडणारी क्रिया यांपासून होतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

हे उदाहरण आज्ञार्थी वाक्याचे आहे, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आज्ञा दिली जाते, ती पाळली जाते आणि शिकणारा परिणाम पाहतो. संगणकाची आज्ञावली ही आज्ञांचीच मालिका होय. अर्थात भाषाशिक्षणाशी उपमा द्यावयाचीच असेल, तर ती पाटीवरच्या मुळाक्षरांची नव्हे, अंगणातल्या गाईची द्यावयास हवी होती.

३

आता संगणनाची बाजू. १९८६ मध्ये बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी नवशिक्याच्या अडचणींची पाच क्षेत्रे वेगळी करून दाखविली : आज्ञावली मुळात कशासाठी असते याची सर्वसाधारण जाण; ज्या यंत्राला आपण आज्ञा देत आहोत त्याच्या वागणुकीचे मनातील चित्र, ज्याला त्यांनी कल्पित यंत्र म्हटले; लेखनाची चिन्हपद्धती; नेहमी लागणाऱ्या रचनांचे साचे; आणि आज्ञावली योजणे, तपासणे, दुरुस्त करणे यांचे व्यावहारिक कौशल्य. या पाच क्षेत्रांच्या मापाने पाहिल्यास मुळाक्षरांची उपमा तिसऱ्या क्षेत्रापुरतीच आहे. पहिल्या दोहोंविषयी ती मौन पाळते, आणि शेवटच्या दोहोंकडे विद्यार्थी यथाकाल आपोआप पोहोचेल असे गृहीत धरते.

याचा परिणाम प्रकरणाच्या रचनेत दिसतो. चल म्हणजे काय याचा अनुभव येण्यापूर्वीच चलाच्या नावात कोणती चिन्हे चालतात, नावाचा आरंभ अंकाने का होऊ नये, पूर्णांक-स्थिरांक लिहिण्याचे नियम कोणते, आणि राखीव शब्द ३२ आहेत ते कोणते, हे विद्यार्थ्यापुढे येते. त्यानंतर सरळव्याजाच्या गणिताची पहिली आज्ञावली दिली जाते. उदाहरण उत्तम आहे; मुद्दल, मुदत, दर ही मंडळी प्रत्येकाच्या शालेय ओळखीची आहेत. पण ते नियमांच्या यादीचे उपयोजन म्हणून येते, आरंभ म्हणून येत नाही.

असा आक्षेप घेता येईल की, उपमा ही केवळ प्रस्तावनेपुरती असते. विद्यार्थ्याची भीती घालविणे हाच तिचा हेतू. तिला इतके गांभीर्याने का घ्यावे? याचे उत्तर असे की, ही उपमा शोभेची नाही, तिने प्रकरणाचा क्रम ठरविला आहे. आणि क्रम ठरला की परीक्षाही ठरते. राखीव शब्दाची व्याख्या लिहा, चलनामाचे नियम सांगा, या प्रश्नांना पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी तीन ओळींच्या आज्ञावलीचा परिणाम सांगू शकेलच असे नाही, ही विसंगती त्या क्रमातच दडलेली आहे.

तुलनेसाठी ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे १९७८ चे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' पाहावे. आपले पुस्तक नवशिक्यासाठी नाही, चल, मूल्यदान, आवर्तन यांची ओळख वाचकाला आहे असे धरून चाललो आहोत, हे लेखकद्वयाने प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे. तरीही त्यांचा आरंभ मीमांसकांच्या अधिक जवळचा आहे. पहिल्याच पाठात एक छोटी पण संपूर्ण आज्ञावली येते, जगाला नमस्कार घालणारी ती दोन शब्द छापते. पहिला स्वाध्याय असा की ती चालवावी, आणि मग तिचे एकेक भाग गाळून कोणते दोषसंदेश मिळतात ते पाहावे. हा उद्वापच होय. मात्र येथे गाळण्यातून हाती येतो तो दोषसंदेश. अर्थातला फरक नव्हे. म्हणजे ज्याला अर्थ ठाऊक आहे त्याला रूपाची मर्यादा शिकविणारा हा स्वाध्याय आहे. प्रस्तावनेतील इशारा प्रामाणिक होता. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून तेच पुस्तक पहिल्या वर्गात नेमणाऱ्यांना मात्र तसे म्हणता येणार नाही.

'लेट अस सी' संबंधी न्याय्य बुद्धीने आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. निर्णय आणि आवर्तन यांवरील प्रकरणांत हे पुस्तक आज्ञावलीबरोबर प्रवाहाकृती देते. अट खरी ठरली तर नियंत्रण कोणीकडे जाते, खोटी ठरली तर कोणीकडे, हे चित्राने दाखविते. म्हणजे जेथे ते उत्तम शिकविते, तेथे त्याने आपली उपमा सोडून दिलेली असते. बाणांची आकृती ही अक्षर-शब्द-वाक्य यांपैकी कशातच बसत नाही. ती कल्पित यंत्राचे चित्र होय.

४

मुळाक्षरांच्या उपमेत याहूनही गंभीर उणीव आहे. ती रूपाविषयी बोलते आणि अर्थ आपोआप येईल असे मानते. वस्तुतः नवशिक्याची खरी अडचण अर्थ न कळण्याची नसते, चुकीचा अर्थ सहज कळण्याची असते. संगणकभाषेतील शब्द व चिन्हे इंग्रजीतून आणि शालेय गणितातून घेतलेली आहेत. विद्यार्थी त्यांचा जुना अर्थ सोबत घेऊनच वर्गात येतो. जेफ्री बोनार आणि एलियट सोलोवे यांनी १९८५ मध्ये दाखविले की, नवशिक्यांच्या कित्येक चुकांचा उगम अज्ञानात नसून नैसर्गिक भाषेत काम सांगण्याच्या त्यांच्या पूर्वज्ञानात असतो. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले मूल्यदानाचे. 'क = १०; ख = २०; क = ख' या तीन विधानांनंतर क आणि ख यांची मूल्ये काय? 'सी' भाषेत दोन्ही २० होतात. पण विद्यार्थी नाना उत्तरे देतात : मूल्यांची अदलाबदल झाली, ख चे मूल्य १० झाले, क आणि ख समान नाहीत, म्हणून तिसरे विधान खोटे आहे. ही उत्तरे अविचाराची नाहीत. शाळेत दहा वर्षे '=' हे चिन्ह समानतेचे म्हणून शिकलेल्याला 'गणना = गणना + १' हे अशक्य समीकरण वाटावे यात नवल नाही. १९५७ च्या फोरट्रानने हे चिन्ह मूल्यदानासाठी योजले. अल्गोल ६० ने त्यापुढे अपूर्णविराम ठेवून भेद दाखविला. 'सी' ने पुन्हा साधे चिन्हच पत्करले.

येथे मराठीचे साहाय्य लक्षणीय आहे. 'क बरोबर ख' असे वाचल्यास शालेय अर्थ बळकट होतो. परंतु तेच विधान 'ख चे या क्षणी जे मूल्य असेल ते क ला द्यावे' असे वाचले, तर प्रत्ययांनी देणारा व घेणारा वेगळे होतात. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाचनाचा क्रम आणि यंत्राच्या कृतीचा क्रम जुळतो : आधी उजवीकडचे मूल्य काढणे, मग डावीकडची जागा, शेवटी ठेवण्याची क्रिया. 'गणना = गणना + १' याचे वाचन 'गणनेचे आताचे मूल्य घेऊन, त्यात १ मिळवून, आलेले मूल्य गणनेच्या जागी ठेवावे' असे होते. 'घेऊन', 'मिळवून' ही पूर्वकालवाचक धातुसाधिते क्रम आपोआप बोलून दाखवितात. समीकरणाचा भ्रम तेथे उरत नाही.

दुसरे उदाहरण आवर्तनाचे. न चे मूल्य प्रथम १ आहे. 'जोपर्यंत न < ५ तोपर्यंत, न मध्ये ३ मिळवावेत आणि न छापावा' अशी आज्ञा आहे. छापले जातात ४ आणि ७. पुष्कळ विद्यार्थी मात्र ७ नाकारतात. न चे मूल्य ७ होताक्षणी अट मोडली, मग छापणे कसे होईल, असा त्यांचा तर्क. इंग्रजीतील 'व्हाईल' या शब्दामुळे होणारा हा भ्रम उपरोक्त संशोधकांनी नोंदविलेला आहे, आणि मराठीतील 'जोपर्यंत' त्यातून मुक्त नाही. 'उजेड आहे तोपर्यंत लिहीत राहा' असे सांगितलेला माणूस अंधार पडताच वाक्य अर्धवट टाकून उठतो. कारण त्याचे लक्ष सतत उजेडाकडे असते. यंत्र फक्त प्रत्येक नव्या पानाच्या आरंभी एकदा मान वर करून पाहते, आणि मध्येच अंधार पडला तरी हातातले पान पुरे करते. शब्दाच्या भाषांतराने हा भेद कळत नाही; तो सांगावाच लागतो.

तिसरे उदाहरण असे : '३५ <= गुण <= ६०'. गणिताच्या वहीत याचा अर्थ निःसंदिग्ध आहे. 'सी' भाषेत ही रचना व्याकरणशुद्ध आहे. कंपायलर फार तर इशारा देतो, पण ती नाकारत नाही. अर्थ मात्र निराळा होतो. आधी '३५ <= गुण' याचा निकाल १ किंवा ० असा निघतो, आणि मग त्या १ ची वा ० ची ६० शी तुलना होते. परिणामी गुण १० असोत वा ९०, अट खरीच ठरते. हीच रचना 'पायथन' मध्ये लिहिल्यास ती गणिताच्या वहीप्रमाणे वागते. अक्षरे तीच, शब्द तेच, वाक्य तेच, अर्थ दोन. मुळाक्षरांपासून वाक्यापर्यंत जाणारा जिना या ठिकाणी कोठेच पोहोचवीत नाही.

या तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे. रॉय पी यांनी १९८६ मध्ये तिला सर्व चुकांची जननी ठरविले : यंत्रात कोठे तरी एक समजूतदार मन दडलेले आहे आणि ते आपला आशय ओळखून घेईल, ही समजूत. चलाला 'सर्वांत मोठी संख्या' असे नाव दिले की त्यात सर्वांत मोठी संख्याच साठेल, असे मानणारा विद्यार्थी याच समजुतीचा बळी असतो. नैयायिकांच्या परिभाषेत हे नेमके सांगता येते. वाक्यार्थबोधाला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची अपेक्षा असते. उत्तरकालीन नैयायिक त्यांत तात्पर्यज्ञानाची भर घालतात. जेवताना कोणी 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावयाचे, आणि प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. कारण ऐकणारा तात्पर्य जाणतो. संगणक आकांक्षा तपासतो, म्हणजे कंस मिटला की नाही, पद अपुरे राहिले की काय, हे पाहतो. योग्यतेचीही तो थोडीफार परीक्षा करतो. परंतु तात्पर्य त्याला नाही, आणि अध्याहार तो करीत नाही. श्रोता नसलेली भाषा हीच संगणकभाषेची खरी अपूर्वता होय. 'इंग्रजी शिकण्यासारखेच, फक्त सोपे' असे सांगणारी उपमा विद्यार्थ्याला नेमक्या त्या अपूर्वतेकडे पाठ फिरवावयास लावते.

५

एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ च्या एका प्रसिद्ध लेखात याहून टोकाची भूमिका घेतली. संगणन ही मूलतः नवीन गोष्ट आहे. तिला परिचित गोष्टींच्या उपमा देणेच घातक, यंत्राविषयी माणसासारखे बोलणे तर अधिकच घातक, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या वर्गातील भाषा विद्यापीठातील कोणत्याही यंत्रावर चालू नये, म्हणजे विद्यार्थी आज्ञावली चालवून पाहण्याच्या मोहात पडणार नाहीत आणि तिची सिद्धता तर्काने करतील, असेही त्यांनी सुचविले. यंत्राला मन कल्पू नये, हा त्यांचा इशारा पूर्णपणे ग्राह्य आहे. उपाय मात्र ग्राह्य नाही. यंत्राला मन नाही हा बोध उपदेशाने होत नाही. आपण एक म्हणावे आणि यंत्राने नेमके दुसरेच, पण आपण लिहिलेलेच, करावे, या अनुभवातून तो होतो. चालवून पाहणे वर्ज्य केले तर वृद्धव्यवहारातील पाहणेच वर्ज्य झाले.

तथापि वृद्धव्यवहाराच्या दृष्टांतालाही मर्यादा आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. गाय आणलेली दिसते. चलाचे मूल्य बदललेले दिसत नाही. पडद्यावर दिसतो तो केवळ शेवटचा परिणाम. मधल्या पायऱ्या अदृश्य राहतात, आणि भ्रम त्या पायऱ्यांतच वस्ती करून असतो. म्हणून चालवून पाहण्याला चालवून लिहिण्याची जोड हवी. पाठशाळेतील व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ही जोड परिचित आहे. वरदराजांची लघुसिद्धान्तकौमुदी वाचणारा विद्यार्थी 'रामः' हे रूप नुसते पाठ करीत नाही, तो त्याची सिद्धी करतो : राम या प्रातिपदिकापुढे सु प्रत्यय, त्यातील उकाराचा लोप, उरलेल्या सकाराचा रु, आणि शेवटी विसर्ग, प्रत्येक पायरीला कोणते सूत्र लागले ते तो सांगतो. यावरून संस्कृत ही संगणकाची भाषा आहे, असा लोकप्रिय निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. साम्य आहे ते शिकण्याच्या पद्धतीत. वहीचे पान उभे विभागून प्रत्येक चलाला एक रकाना द्यावा, प्रत्येक विधानानंतर मूल्ये लिहावीत, आणि कोणत्या विधानाने कोणते मूल्य बदलले ते म्हणून दाखवावे. ही आज्ञावलीची रूपसिद्धी होय.

ती अनावश्यक आहे असे वाटणाऱ्यांनी दोन पाहण्या लक्षात घ्याव्यात. २००१ मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकाहून अधिक देशांतील ज्या विद्यार्थ्यांचे प्रारंभिक शिक्षण झालेले होते, त्यांना आज्ञावली लिहावयास दिल्या. ११० पैकी सरासरी गुण २२.८९ पडले. विद्यार्थ्यांना समस्या सोडविता येत नाहीत, असा अर्थ सहज लावता आला असता. परंतु २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतील विद्यार्थ्यांना लिहावयास न देता वाचावयास दिले. तयार आज्ञावलीवर १२ बहुपर्यायी प्रश्न विचारले. तेव्हा असे दिसले की, पुष्कळांना लिहिणे दूरच, वाचलेल्या आज्ञावलीचा माग काढणेही जमत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून निबंधाची अपेक्षा करावी, तसा हा प्रकार होतो.

६

हा केवळ पाठ्यपुस्तकांच्या क्रमाचा प्रश्न असता तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. चुकीच्या क्रमाची किंमत विद्यार्थी देतो, आणि दोषही त्याच्याच माथी येतो. 'याला लॉजिक नाही' हे वाक्य वर्गावर्गांतून ऐकू येते. २००६ मध्ये सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांच्या एका टिपणाने या समजुतीला शास्त्राचे वस्त्र मिळाले. वर दिली आहेत तशा मूल्यदानाच्या प्रश्नांवरून, शिक्षण सुरू होण्यापूर्वीच, कोणाला आज्ञावली जमेल आणि कोणाला नाही हे सांगता येते, विद्यार्थ्यांचे उंटाच्या दोन मदारींप्रमाणे दोन वर्ग पडतात, असा त्याचा सूर होता. ते टिपण दूरवर वाचले गेले. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतः ते जाहीरपणे मागे घेतले. त्या माघारीची वार्ता तितकी दूर पोहोचली नाही. २०१६ मध्ये एका विद्यापीठातील संगणकशास्त्राची ७७८ गुणवितरणे तपासली गेली, तेव्हा दोन उंचवटे केवळ ५.८ टक्क्यांतच आढळले. जन्मजात दोन जातींची कल्पना पुराव्यापेक्षा शिक्षकांच्या सोयीवर अधिक पोसलेली आहे, असे म्हणावे लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या दोषारोपाला आणखी एक शाखा फुटते : 'याचे इंग्रजी कच्चे आहे'. राखीव शब्द इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, दोषसंदेश इंग्रजी. अडचण खरी आहे. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये 'स्क्रॅच' वापरणाऱ्या नवशिक्यांच्या अभ्यासातून दाखविले की, ज्यांनी राखीव शब्दांसह सारे आपल्या देशाच्या प्रमुख भाषेत वापरले, त्यांनी त्याच देशांतील इंग्रजी वापरणाऱ्यांपेक्षा नव्या संकल्पना अधिक वेगाने हाताळल्या. परंतु वरील तीन उदाहरणांतील एकही चूक इंग्रजीच्या अज्ञानामुळे होत नाही. 'व्हाईल' चा अर्थ उत्तम जाणणाराच त्याच्या जाळ्यात सापडतो. म्हणून भाषांतर उपकारक असले तरी ते पुरेसे नाही. आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची उणीव म्हणून जी दाखविली जाते, ती बहुधा अध्यापनाचीच उणीव असते.

हा विचार आजच करण्याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१-२२ या वर्षापासून, मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास मुभा मिळाली. मराठीत संगणनाची पाठ्यपुस्तके होत आहेत आणि यापुढेही होतील. त्या पुस्तकांचे पहिले पान कसे असावे, हे अद्याप कायमचे ठरलेले नाही. इंग्रजी पुस्तकांतील मुळाक्षरांची उपमा आणि तिचा क्रम जसाच्या तसा मराठीत उतरविला, तर केवळ परिभाषेचे कोश वाढतील. विद्यार्थी जेथे अडखळत होता तेथेच अडखळेल, आता स्वभाषेत अडखळेल एवढाच फरक.

याउलट, पहिल्या पानावर तीन ओळींची एक संपूर्ण आज्ञावली असावी. ती पूर्ण मराठी वाक्यांत मोठ्याने वाचावी. चालविण्यापूर्वी परिणाम लिहून ठेवावा, मग चालवावी, अंदाज चुकला तर रकान्यांत रूपसिद्धी करावी. नंतर एक अंक, एक चिन्ह किंवा विधानांचा क्रम बदलावा आणि पुन्हा तेच करावे. नावांचे नियम व राखीव शब्दांची यादी प्रयोजन पडेल तेव्हा यावी. आणि परीक्षेतील पहिला प्रश्न व्याख्येचा नसावा, दिलेल्या आज्ञावलीच्या वाचनाचा असावा. कारण प्रश्नपत्रिका बदलल्यावाचून वर्ग बदलत नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी भाषा लागत नाही. वहीचे एक पान आणि वाचनाची शिस्त पुरते. ज्या देशात शिष्याने रूप सिद्ध करून दाखवावे आणि गुरूने पायरीपायरीला सूत्र विचारावे ही रीत शतकानुशतके चालत आली, तेथे ती संगणकाच्या वर्गात परकी वाटण्याचे कारण नाही.